इन्स्पेक्शनला ‘ओके’ निघालेली जुनी गाडी आठवड्याभरात आवाज करायला लागली तर काय करायचं

गेल्या दोन वर्षांत माझ्या ओळखीतल्या चार जणांनी सेकंड हँड गाडी घेतली. चौघांकडे इन्स्पेक्शनचा रिपोर्ट होता, पानभर हिरव्या टिका, आणि चौघांपैकी तिघांचा मला पंधरा दिवसांच्या आत फोन आला की अरे गाडीतून आवाज येतोय, आता काय करू. माझ्या स्वतःच्या गाडीचंही तेच झालं होतं आणि मी त्यातून गेलोय, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतो. पहिलीच गाडी घेणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे ज्यांना सगळं माहितीये त्यांनी सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो कारण बहुतेक जण इथेच चुकतात. आवाज आला, दिवा लागला, एसी गेला की आपण घाबरून कोपऱ्यावरच्या गॅरेजला जातो, तो म्हणतो साहेब हे बदलावं लागेल, आपण म्हणतो बदला, पाच-सात हजार देतो आणि मग विकणाऱ्याला फोन करतो. तोपर्यंत जुना पार्ट भंगारात गेलेला असतो, गाडी उघडलेली असते, आणि समोरचा शांतपणे म्हणतो की आमच्याकडून तर ओके गेली होती, बाहेर उघडलीत ना, आता वॉरंटी नाही. त्याला खोटं पाडायला तुमच्या हातात काहीच नसतं. म्हणून आधी नोंद, मग कळवणं, आणि रिपेअर सगळ्यात शेवटी. खाली जे सगळं आहे ते याच क्रमाने आहे.

इन्स्पेक्शन म्हणजे नेमकं काय झालेलं असतं

दोन वेगळ्या गोष्टी आपण एकच समजतो. एक आरटीओची, म्हणजे पासिंग. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, ते संपलं की गाडी पासिंगला न्यावी लागते आणि पास झाली की पुढे ५ वर्षं मिळतात. टॅक्सी वगैरे धंद्याच्या गाड्यांना फिटनेस सर्टिफिकेट लागतं, नवी असताना दोन-दोन वर्षांचं आणि ८ वर्षांनंतर दरवर्षी. तिथे बघतात ते ब्रेक, लाइट, हॉर्न, वायपर, टायर, स्टिअरिंग, धूर, म्हणजे गाडी त्या दिवशी रस्त्यावर चालवायला लायक आहे का एवढंच. क्लच प्लेट किती उरलीये, हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) कसं आहे, एसीचा कंडेन्सर गळतोय का, हे तिथे कोणी बघत नाही आणि ते त्यांचं कामही नाही. त्यामुळे २०१० ची गाडी दाखवून कोणी म्हणालं की आत्ताच पासिंग झालंय, ५ वर्षं टेन्शन नाही, तर त्याचा अर्थ फक्त कागद ५ वर्षं चालेल असा घ्यायचा.

दुसरी डीलरची तपासणी, शंभर-दोनशे पॉइंटवाली. ती बऱ्यापैकी कामाची असते, नाही असं नाही. पण ती काही न उघडता केलेली असते, तासाभरात, उभ्या गाडीवर आणि जवळपास एखादी चक्कर मारून. रिपोर्टच्या शेवटी बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं, ते पान नक्की वाचा.

आणि आता मुख्य मुद्दा, दोष लगेच पुढच्या आठवड्यातच का दिसतात. दर वेळी कोणी फसवलेलंच असतं असं नाही. विकायच्या आधी गाडी धुतात, इंजिनवर प्रेशरने पाणी मारून चकाचक करतात, म्हणजे ऑइल कुठून झिरपत होतं त्याचा डागच राहत नाही, तो परत दिसायला दोन-तीनशे किलोमीटर जावे लागतात. एसीत गॅस भरतात, लिकेज बारीक असलं तर दहा दिवस मस्त थंड हवा येते आणि मग हळूहळू गरम. गाडी महिनोन् महिने यार्डात उभी असते, त्यामुळे रबरी सील सुकलेले असतात आणि रोज चालायला लागली की गळतात. काही जण मुद्दाम करतात ते वेगळं, इंजिनचा आवाज दबावा म्हणून जाड ऑइल टाकणं, रेडिएटरचं लिकेज बंद करायची पावडर टाकणं, चेक इंजिनचा दिवा स्कॅनरने पुसून टाकणं. पुसलेला दिवा लगेच येत नाही बरं का, गाडी काही वेळा थंड-गरम होऊन चालली की तिची स्वतःची चाचणी पूर्ण होते आणि मग येतो, आणि नेमका तेव्हा तुम्ही मुंबईच्या फ्रीवेवर असता.

पहिलं: गाडी चालवायची की जागेवर उभी करायची

हे ठरवायला मेकॅनिक लागत नाही. ब्रेक पेडल खाली खाली जातंय किंवा स्पंजसारखं लागतंय, स्टिअरिंग फिरवलं तरी चाक उशिरा वळतंय, पेट्रोलचा वास येतोय, टेंपरेचरचा काटा लालमध्ये गेलाय, टायरला बाजूने फुगा आलाय, ऑइलचा लाल दिवा चालू इंजिनवर पेटलाय. यातलं एकही असेल तर गाडी तिथेच बाजूला घ्या आणि टोइंग बोलवा. इन्शुरन्सच्या पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर नंबर पॉलिसीवर असतो. काटा लाल झाला तर बोनेट उघडून थांबायचं, गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडायचं नाही, उकळतं पाणी दाबाने तोंडावर येतं. एअरबॅगचा दिवा लागून राहिला तर गाडी चालते, पण अपघातात एअरबॅग उघडेलच असं धरून चालू नका, आणि तोपर्यंत घरच्यांना घेऊन पुण्याला वगैरे जाऊ नका.

बाकीचे आवाज, थरथर, एसी, खिडकी, हे दोन-चार दिवस थांबू शकतं. तेच दोन-चार दिवस आपल्याला वापरायचे आहेत.

दुसरं: वही, फोटो, व्हिडिओ

फोनमध्ये एक नोट उघडा, किंवा साधी वही घ्या. तारीख, मीटरवरचे किलोमीटर, काय झालं, कुठे, इंजिन थंड होतं का गरम. एवढंच. पण रोज. ‘गाडीत प्रॉब्लेम आहे’ असं म्हटलं की कोणी ऐकत नाही, पण ‘१२ तारखेला ५८,३४० किलोमीटरवर, सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर, रिव्हर्स टाकताना पुढच्या डाव्या बाजूने टक असा आवाज, गरम झाल्यावर येत नाही’ असं म्हटलं की मेकॅनिकही कान टवकारतो आणि डीलरही.

व्हिडिओ काढताना आधी मीटर दाखवा, मग कट न करता आवाज. दिवा लागला तर फोटो काढा, कारण तो उद्या जाऊ शकतो. ओरिजिनल फाइल फोनमधून उडवू नका, व्हॉट्सॲपवर पाठवलेली कॉपी आहे म्हणून ओरिजिनल डिलीट करणारे मी बघितलेत. आणि विकणाऱ्याची जाहिरात, तिचे स्क्रीनशॉट, इन्स्पेक्शन रिपोर्टची पीडीएफ, त्याच्याशी झालेलं चॅट हे सगळं आजच्या आज सेव्ह करा. गाडी विकली गेली की जाहिरात खाली उतरते, आणि ‘नॉन ॲक्सिडेंटल, सिंगल ओनर, काहीही काम नाही’ असं लिहिलेलं तेच तुमच्या सगळ्यात कामाचं असतं.

तिसरं: स्वतः करायच्या तपासण्या

या भागाला वेळ द्या. यातलं काहीच खोलावं लागत नाही, त्यामुळे वॉरंटीलाही धक्का नाही.

रात्री पार्किंगमध्ये गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरा, पुढच्या चाकांपासून मागे गिअरबॉक्सच्या खालपर्यंत, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवा. सकाळी डाग बघायचे. काळा किंवा तपकिरी चिकट म्हणजे इंजिन ऑइल, हिरवा-गुलाबी-निळसर पाण्यासारखा म्हणजे कूलंट, चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर तेलकट म्हणजे ब्रेक ऑइल असू शकतं आणि तसं असेल तर गाडी हलवायची नाही. एसी लावून आल्यावर साधं पाणी पडतं ते नॉर्मल आहे, घाबरू नका. माझ्या गाडीखाली पहिल्या रात्री काही नव्हतं, तिसऱ्या रात्री एक रुपयाएवढा डाग, सहाव्या रात्री तळहाताएवढा. ते तीनही कागद मी तारीख टाकून ठेवले आणि पुढे डीलरच्या टेबलावर तेच पसरले. तोंडाने कितीही सांगितलं असतं तरी जे पटलं नसतं ते त्या कागदांनी पटलं.

सकाळी गाडी चालू करायच्या आधी बोनेट उघडा. डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, काढा. ऑइल मिन आणि मॅक्सच्या मध्ये हवं. चहाला दूध घातल्यासारखं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय, हेड गॅस्केटचा संशय, मोठा खर्च. कूलंटच्या बाटलीवर मार्करने पातळीची रेघ मारून ठेवा आणि रोज थंड असताना बघा. चार दिवसांत बोटभर खाली गेलं आणि खाली डाग नाही, तर ते जातंय कुठे हा प्रश्न लिहून ठेवायचा.

मग पहिली चालू. थंड इंजिनचा पहिला मिनिटभराचा आवाज आणि मागचा धूर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला तर परत तेच हेड गॅस्केट, थंडीत किंवा पावसाळ्यात सुरुवातीला थोडी वाफ येते ती सोडून द्या. गाडी दाखवताना विकणारा ती आधीच गरम करून ठेवतो, त्यामुळे हे तुम्हाला तेव्हा दिसलेलंच नसतं.

रस्त्यावरची चाचणी मुंबईत आयतीच होते. आपल्याकडचे पेव्हर ब्लॉक आणि मॅनहोलची झाकणं म्हणजे सस्पेन्शनची टेस्ट, काच खाली, गाणी बंद, दुसऱ्या गिअरमध्ये हळू. टक टक येतंय का कर्र येतंय, डावीकडून का उजवीकडून. बहुतेक वेळा लिंक रॉड नाहीतर लोअर आर्मचं बुश (दोन्ही चाकाजवळच्या सस्पेन्शनचे भाग) निघतं, फार मोठं काम नसतं. गूंऽऽ असा आवाज वेगाबरोबर वाढत असेल आणि लेन बदलताना बदलत असेल तर व्हील बेअरिंग. ७०-८० ला स्टिअरिंग थरथरतंय का हे बघायला सकाळी लवकर ईस्टर्न फ्रीवेला जा, तिथली लिमिटही ८० च आहे. फक्त ब्रेक मारल्यावर थरथर येत असेल तर डिस्क, एरवी येत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग. क्लचसाठी बिल्डिंगच्या पोडियमचा रॅम्प पुरतो, चढावर रेस वाढतेय पण गाडी त्या मानाने वर चढत नाही आणि जळका वास येतोय तर प्लेट संपत आलीये. आणि साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून अर्धा तास रखडलात की रेडिएटरच्या फॅनची परीक्षा झाली, काटा मधल्या रेघेच्या वर सरकला तर नोंद करा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. गाडी २०१९ ची, मीटर ३० हजार, आणि चारही टायर २०२३ चे असतील तर विचारा की एवढ्या कमी रनिंगला टायर का बदलले. उत्तर साधं असू शकतं, पण विचारा. ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर आणि स्टिअरिंगवरची झीजही मीटरशी जुळवून बघा.

पाण्यात बुडालेली गाडी ही आपल्या शहराची खास भीती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि आजही हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे दर पावसाळ्यात बातम्यांत असतात. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा भाग धुतात, पण आत गुंडाळलेला शेवटचा हात-दीड हात कोणी धूत नाही, तिथे मातकट आडवी रेघ दिसली की समजा. मॅट उचलून खालचं कार्पेट दाबा, स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा, गाळ आहे का. सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांचे स्क्रू गंजलेत का, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट थर आहे का, एसी बंद असताना कुबट वास येतो का. असा दोष पहिल्या आठवड्यात एखाद्या पॉवर विंडोने सुरू होतो आणि सहा महिन्यांत अख्खी वायरिंग खाऊन टाकतो. हे सापडलं तर दुरुस्तीची बोलणी करूच नका, सरळ गाडी परत करायचं बोला, हे माझं ठाम मत आहे.

चौथं: स्कॅनर

ब्लूटूथवाला छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोष वाचणारं यंत्र) ऑनलाइन हजाराच्या आत मिळतो. भारतात ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं आहे, म्हणजे त्यानंतरच्या गाडीत पोर्ट असणारच, बहुतेक ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर, स्टिअरिंगखाली. लावा, ॲपशी जोडा, कोड वाचा, म्हणजे गाडीने नोंदलेल्या दोषांचे नंबर. पण कोड काही नसले तरी थांबू नका, आणखी दोन गोष्टी बघा. एक, ‘कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले’. सगळ्या गाड्यांत दिसत नाही, पण बऱ्याच गाड्यांत दिसतं. दुसरं, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात का अर्धवट.

माझ्या गाडीत कोड पुसल्यापासूनच्या किलोमीटरचा आकडा २१४ आला. मी डिलिव्हरी घेतल्यापासून १९६ किलोमीटर चालवली होती. म्हणजे डिलिव्हरीच्या १८ किलोमीटर आधी कोणीतरी कोड पुसले होते. मी तो स्क्रीन बघत पार्किंगमध्ये किती वेळ बसून होतो मला आठवत नाही. पण इथे डोकं थंड ठेवायचं, कारण एखादं काम केल्यावर मेकॅनिक कोड पुसतोच आणि बॅटरी बदलली तरी पुसले जातात. हा पुरावा नाही, हा प्रश्न आहे, ‘कोड का पुसले होते आणि कोणता होता?’ स्क्रीनशॉट काढा आणि हा प्रश्न लेखी विचारा. आणि स्वतः चुकूनही ‘क्लिअर’ बटण दाबू नका, तुमचाच पुरावा जाईल.

पाचवं: दुसऱ्याचं मत, कागदावर

आता मेकॅनिककडे. ज्याच्याकडे लिफ्ट किंवा पिट आहे असा, आणि ज्याचा विकणाऱ्याशी संबंध नाही असा. जायच्या आधीच सांगा की फक्त बघायचंय, काही खोलायचं नाही, चेकिंगचे पैसे देतो. खाली उभं राहून तुम्हीही बघा, तो दाखवेल तिथे फोटो घ्या. आणि शेवटी त्याच्या लेटरहेडवर किंवा बिलबुकावर लिहून घ्या, गाडीचा नंबर, किलोमीटर, तारीख, काय सापडलं, अंदाजे खर्च, आणि जमलं तर एक वाक्य, की हा दोष साधारण किती जुना असावा. हे वाक्य फार महत्त्वाचं. तेलावर धुळीचा जाड थर बसलाय, बुश पूर्ण फाटून कडा गुळगुळीत झाल्यात, हे आठवड्यात होत नाही, आणि तसं त्याने लिहून दिलं तर विकणारा तुमच्या ड्रायव्हिंगवर ढकलू शकत नाही.

कंपनीच्या ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरलाही एकदा जाऊन या. आरसी दाखवून सर्व्हिस हिस्टरी मागा, किती तारखेला किती किलोमीटर होते ते कळलं की मीटर मागे केलाय का ते पाच मिनिटांत कळतं. २०२१ ला ७४ हजारला सर्व्हिस झालेली गाडी आज ५८ हजार दाखवत असेल तर पुढे बोलायलाच नको. तिथेच चासी नंबरवर काही रिकॉल (कंपनीने स्वतःच दोष काढायला गाडी परत बोलावणं) बाकी आहे का विचारा, रिकॉलचं काम फुकट करून मिळतं, गाडी कितव्या मालकाकडे आहे याचा त्याच्याशी संबंध नसतो.

सहावं: कागद

थोडक्यात सांगतो. परिवहनच्या साइटवर किंवा एम-परिवहनवर नंबर टाकून लोन, इन्शुरन्स, पीयूसी, ब्लॅकलिस्ट बघा, ई-चलन वेगळी बघा. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, एजंट लोक त्याला टीटीओ सेट म्हणतात. इन्शुरन्स तुमच्या नावावर करायला कायद्याने ट्रान्सफरपासून १४ दिवसांत अर्ज करायचा असतो, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. ट्रान्सफर अजून व्हायचं असेल आणि दोष मोठा असेल तर आधी लेखी कळवा की हा विषय मिटेपर्यंत थांबा, कारण आरसी एकदा तुमच्या नावावर झाली की परतीचं काम दुप्पट किचकट होतं. मात्र तोपर्यंत गाडी जास्त फिरवू नका.

डीलरबद्दल एक गोष्ट. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमांप्रमाणे जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून ऑथोरायझेशन घ्यावं लागतं. त्याच्याकडे ते आहे का हे बिनधास्त विचारा, गाडी घेतल्यावरसुद्धा विचारता येतं.

सातवं: विकणाऱ्याला कळवणं

फोन करा, पण फोन झाल्यावर लगेच तेच मेल आणि व्हॉट्सॲपवर टाका. आधी ॲग्रीमेंटमध्ये मुदत बघा, काही ठिकाणी परत करायला ५ किंवा ७ दिवस मिळतात आणि किलोमीटरचीही मर्यादा असते. मुदत संपायच्या आत मेल गेला पाहिजे, गाडी नंतर गेली तरी चालेल. वॉरंटी असेल तर ती बहुतेक इंजिन आणि गिअरबॉक्सची असते, क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर, रबरी बुश हे झिजणारे भाग म्हणून वगळलेले असतात. तेव्हा कशासाठी वॉरंटी मागायची आणि कशासाठी रिपोर्ट चुकीचा होता म्हणून भांडायचं, हे वेगळं करा.

मी मेल लिहिला तो साधारण असा होता, हवा तर घ्या: ‘नमस्कार. अमुक नंबरची गाडी मी अमुक तारखेला तुमच्याकडून अमुक रुपयांना घेतली. तुमच्या तपासणी अहवालात ऑइल लिकेज नाही आणि सस्पेन्शन ओके असं नमूद आहे. डिलिव्हरीपासून नऊ दिवसांत आणि १९६ किलोमीटरमध्ये पुढील दोष आढळले, फोटो आणि मेकॅनिकचा अहवाल सोबत जोडला आहे. मी गाडीत कोणतंही काम केलेलं नाही. आपण सात दिवसांत गाडी तपासून दोष विनाखर्च दुरुस्त करून द्यावेत किंवा दुरुस्तीचा खर्च द्यावा. आपल्या लेखी उत्तराची वाट बघतो.’ शिवीगाळ नाही, फसवलंत असा शब्द नाही. राग मलाही आला होता, पण तो मेलमध्ये घालून कामाचं काही होत नाही, आणि तोच मेल पुढे ग्राहक आयोगासमोर वाचला जाऊ शकतो.

काय मागायचं याचं माझं साधं गणित आहे. दहा वर्षांच्या गाडीचं बुश जाणारच, चार हजारांसाठी महिनाभर भांडण्यात अर्थ नाही, तिथे अर्धा-अर्धा झाला तरी घ्या. रिपोर्टमध्ये ‘ओके’ लिहिलंय आणि दोष जुना आहे हे दिसतंय, तर पूर्ण खर्च मागा. मीटर, बुडालेली गाडी, मोठा ॲक्सिडेंट लपवणं, चासीला वेल्डिंग, यात फक्त परतावा. गाडी दुरुस्तीला दिलीत तर जॉब कार्ड घ्या आणि त्यावर किलोमीटर, पेट्रोल आणि आधीचे ओरखडे लिहून घ्या.

आठवं: ऐकलंच नाही तर

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, फोन करा, तक्रार नंबर घ्या, मराठीत बोलता येतं. बरीच प्रकरणं इथेच मिटतात कारण मोठ्या कंपन्यांना तिथून थेट विचारणा जाते. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करतेय, त्यांचे कार्यकर्ते तक्रार कशी मांडायची यात मार्गदर्शन करतात, पहिल्यांदाच करत असाल तर नक्की भेटा. तरी नाही झालं तर स्पीड पोस्टाने नोटीस, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, डीलर नवी मुंबईचा आणि तुम्ही मुलुंडचे असलात तरी मुलुंडवरून. जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जातात, ५ लाखांपर्यंत दिलेल्या रकमेला फी नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. वकील लागतोच असं नाही. ऑनलाइनही दाखल होते.

गाडी एखाद्या खाजगी माणसाकडून, सोसायटीतल्या कोणाकडून घेतली असेल तर मात्र ग्राहक आयोगाचा रस्ता बहुधा मिळत नाही, कारण गाड्या विकणं हा त्याचा धंदा नाही. तिथे करार कायदा आणि १९३० चा मालविक्री कायदा येतो, आणि त्याने काय सांगितलं होतं हे सगळं चॅटवर आहे का यावर खेळ असतो. म्हणून ओळखीतला असला तरी घेताना व्हॉट्सॲपवर सरळ विचारून ठेवा, की काका गाडीला कधी ॲक्सिडेंट, पाण्यात जाणं, इंजिनचं काम झालंय का. ते ‘नाही रे बाबा’ म्हणतील तेवढंसुद्धा पुरतं.

माझ्या गाडीत शेवटी क्रँकचं ऑइल सील आणि पुढचा डावा लोअर आर्म निघाला. डीलरने दोन आठवड्यांनी सील त्यांच्या खर्चाने बदलून दिलं, लोअर आर्मचे निम्मे पैसे दिले. कोड कोणता पुसला होता याचं लेखी उत्तर आलं नाही, पण चेक इंजिनचा दिवा नंतर लागला नाही आणि रेडिनेसच्या सगळ्या चाचण्या पूर्ण झाल्या, म्हणून मी तो विषय सोडला. काम झाल्यावर परत तीन रात्री गाडीखाली कागद घातला. तिन्ही सकाळी कोरा होता.